सोनियाचं वजन

चांगोनं साहेबांचा पेन मुठीत आवळून धरला होता, आणि साहेब अस्मिताला सांगत होते की चांगो इथं नसतोच. तो वांगणीला राहतो. तीन वर्षं झाली.

अस्मिताला आधी वाटलं, साहेब गंमत करतायत. बुवापाड्यातल्या बुद्धविहाराच्या हॉलमध्ये ती सहा वर्षं हे केंद्र चालवत होती. ज्यांना कुठलीच शाळा ठेवून घेत नाही, जी पंधराव्या वर्षीही चड्डीत करतात, अशी चौदा पोरं. त्यांच्या आया कंपनीत नाहीतर बांधकामावर, आणि सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच पोरं अस्मिताकडे. सगळं वस्तीच्या वर्गणीवर. आता वर्गणी आटली होती आणि विहाराच्या कमिटीनं हात वर केले होते. सरकारी अनुदान मिळालं नाही तर महिनाअखेर कुलूप. म्हणून ही तपासणी, म्हणून जिल्ह्याच्या ऑफिसातून जयदेव साहेब जीप घेऊन आलेले.

साहेबांनी लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. पोर्टल तिची मुलं घेतच नव्हतं. चौदापैकी अकरा जणं आधीच वांगणीच्या 'आधारतरू' नावाच्या निवासी संस्थेत राहतात असं तिथं लिहिलं होतं. तिथंच झोपतात, तिथंच जेवतात, आणि त्या जेवणाचं अनुदान दर तिमाहीला संस्थेला जातं. प्रत्येक नावापुढं फोटो. चांगोच्या हातात पाटी, पाटीवर 'चांगो'.

पाटीवरचं अक्षर अस्मिताचं होतं.

पोरांना स्वतःचं नाव ओळखता यावं म्हणून ती रोज सकाळी पाट्या लिहून हातात द्यायची. त्याच पाट्या, मागं हीच विहाराची निळी भिंत. कुणाच्या गालाला क्रीम लागलेलं. ते क्रीम पाहिलं आणि तिला तो केक आठवला. उल्हासनगरचे गुरुदत्त सर. तीन वर्षांपूर्वी मुलीचा वाढदिवस 'अशा मुलांमध्ये' करायचा म्हणून केक घेऊन आले होते. सगळ्यांना टोप्या घातल्या, एकेकाला उभं करून सावकाश फोटो काढले. मापाचे स्वेटर पाठवतो म्हणून आधार कार्डांच्या झेरॉक्स मागितल्या. तिनंच कपाट उघडून दिल्या होत्या. वर आलं घालून चहा पाजला होता त्या भडव्याला. स्वेटर काही आले नाहीत.

साहेब टेबलाकडं बघत पुढचं बोलले. गुरुदत्त सरांचीच संस्था ती. त्यांची ओळख वरपर्यंत आहे, पण माणूस समजूतदार. हे केंद्र ते आपलं उपकेंद्र म्हणून दाखवायला तयार आहेत. मॅडम, तुम्ही एक सही करायची, की पुढच्या महिन्यापासून तुम्हाला पगार, पोरांना दूध, केंद्र चालू. तक्रार केलीत तर चौकशी लागणार, आणि पहिलं कुलूप तुम्हालाच, कारण मान्यतेचा कागद त्यांच्याकडं आहे, तुमच्याकडं नाही.

खरं सांगायचं तर तिनं सही केली असती. तिच्या डोळ्यांपुढं दूध होतं, आणि ज्यांना घरात कोंडून आयांना कामावर जावं लागेल अशी चौदा पोरं होती. पण चांगो पेन सोडेना. तो सोडवेपर्यंत साहेबांनी खात्री करायला यादी मोठ्यानं वाचायला घेतली. अकरा नावं झाली. बारावं त्यांनी त्याच सुरात वाचलं. सोनिया हरिचंद्र मुकणे. हजर. वजन चोवीस किलो, मागच्या तिमाहीपेक्षा दोन किलो वाढ.

पडद्यामागं खिचडी ढवळायचा आवाज थांबला.

रखमा बाहेर आली, हातात डाव तसाच. बारवी धरणाकडच्या पाड्यावरची बाई, लेकीसाठी खाली अंबरनाथला येऊन राहिलेली. ती लेक, सोनिया, दीड वर्षापूर्वी फिट येऊन तिच्या मांडीवर गेली. तरी रखमा रोज येते, दुसऱ्यांच्या पोरांची खिचडी शिजवते. तिनं फोटो दाखवायला सांगितला. बराच वेळ बघितला.

"साहेब, ती जेवते का तिथं?"

साहेबांनी लॅपटॉप स्वतःकडं वळवला.

"इथं नव्हती जेवत. गेली तवा सतरा किलोची होती. मीच उचलून नेली, मीच पुरली. मला ठावं हाये."

साहेबांचा चेहरा उतरला. एंट्रीची चूक असेल, असं काहीतरी ते पुटपुटले. नाव आजच काढायला लावतो म्हणाले.

"नगा काढू," रखमा म्हणाली. "आता तुमी तिथंच चाललाव ना?"

दुपारी आधारतरूचीच तपासणी होती, ते साहेबांनी आल्या आल्या स्वतःच सांगितलं होतं. रखमानं डब्यात खिचडी भरली, झाकण दाबलं आणि जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसली. ड्रायव्हर उतर म्हणाला, तर लेकीला भेटाया चालले म्हणाली.

अस्मितानं सहीचा कागद साहेबांच्या फाईलवर बिनसहीचाच ठेवला. महिनाअखेर काय होणार ते तिला माहीत होतं. तरी तिनं चांगोला उठवलं, त्याच्या गळ्यात पाटी अडकवली आणि त्याला रखमाच्या शेजारी नेऊन बसवलं.

"हा वांगणीला राहतो ना, साहेब? मग सोडा त्याला घरी."

मग ती दुसऱ्याला आणायला आत गेली. मग तिसऱ्याला. पाचवं पोर चढलं तेव्हा साहेब रस्त्यात उभे होते आणि त्यांचा फोन वाजत होता. गुरुदत्त सर. ते उचलेनात आणि बंदही करेनात.

रखमा मांडीवरचा डबा सावरत म्हणाली, "उचला की. त्याला म्हणावं, पोरं येतायत. पानं घे."