ओव्हनवरच्या टिकल्या

शुगरमुळे लिओनाची नजर गेली ती एकाएकी नाही. आधी अक्षरं गेली, मग चेहरे, शेवटी उरला तो नुसता उजेड आणि सावली. कलिन्याच्या गावठाणातल्या त्या घरात चाळीस वर्षं ईस्टरचा रवा-नारळाचा केक तिनेच केला होता. यंदा मुलाने, फ्लॉयडने, नवा कन्व्हेक्शन ओव्हन आणला आणि त्याच दिवशी बजावलं, "मम्मा, तू याला हात लावायचा नाही. व्हेनेसा करेल."

सुनेने केला. वरून कोळसा, आतून कच्चा.

"ओव्हनच खराब आहे," फ्लॉयड म्हणाला.

"ओव्हन चांगला आहे. आत पंखा फिरतोय, ऐकू नाही येत? गरम वारा झटकन भाजतो. माझ्या केकच्या वहीतले एकशे ऐंशी अंश जुन्या ओव्हनचे, याला वीस कमी हवेत. आणि एवढा मोठा डबा घातलात, वाऱ्याला फिरायला जागा कुठाय?"

"तुला दिसत नाही, मम्मा. हात भाजला तर?"

"दिसत होतं तेव्हा काय भाजला नव्हता?"

दुसऱ्या दिवशी दोघं कामावर गेल्या गेल्या लिओनाने शेजारच्या दीप्तीला हाक मारली. "तुझ्याकडे खड्याच्या टिकल्या आहेत ना? घेऊन ये."

"आंटी, आता टिकली लावणार तुम्ही?"

"मी नाही गं, ओव्हन लावणार."

काचेसारख्या सपाट पॅनलवर बोटाला काहीच लागत नव्हतं. दीप्तीने वाचून दाखवलं, लिओनाने टिकल्या चिकटवल्या: कन्व्हेक्शनला एक, तापमान वाढवायला दोन, वेळेला तीन, चालू करायला एक मोठी. शंभरापासून, एकदा दाबलं की दहा अंश वाढायचे. सहा वेळा दाबलं की एकशे साठ.

पहिला केक तिनेच बिघडवला. वास घ्यायला अर्ध्यातच दार उघडलं आणि तो मध्ये बसला.

"वाट लागली, आंटी."

"दार मी उघडलं, चूक माझी. चहा टाक, संपवू दोघी. उद्या परत."

परत केला. ओव्हन आधी रिकामा तापवला, कोपरापर्यंतचे हातमोजे घातले, लहान डबा जाळीच्या मधोमध ठेवला, चारी बाजूंनी मोकळा. मग दाराला हात न लावता स्टूलवर बसून राहिली. आधी अंड्याचा वास आला, मग नारळाचा, मग साखर तांबूस होतानाचा. तेव्हा उठून तिने दार उघडलं आणि केकमध्ये काडी खुपसली. काडी कोरडी निघाली.

"सगळीकडून एकसारखा!" दीप्ती ओरडलीच. "झकास!"

संध्याकाळी केक बघून फ्लॉयड थबकला. "कोणी केला?"

"मी."

"सांगितलं होतं ना तुला! उद्यापासून प्लग काढून ठेवतो."

"ठेव. प्लग लावायला डोळे लागत नाहीत."

तो पॅनलवरची टिकली नखाने खरवडायला लागला. आवाजाच्या अंदाजाने लिओनाने त्याचं मनगट पकडलं. "एक जरी निघाली ना, तर यंदा या घरात ईस्टरचा केक होणार नाही. डोळे गेलेत माझे. हात आहेत, नाक आहे. तू सांगितलंस म्हणून मी खाटेवर बसून राहायची नाही."

मग व्हेनेसाने एक तुकडा तोडून तोंडात टाकला. "फ्लॉयड, सोड ती. मम्मा, मला शिकवाल?"

"शिकवीन. पण ओव्हन मी लावणार."

ईस्टरच्या आदल्या दिवशी पाच केक झाले. व्हेनेसाने नारळ खवला. फ्लॉयड अजून घुश्शातच होता, पण तेलकट डबे त्यानेच घासले.