दाजींची डॉक्टरकी

आमच्या कारखान्यात डोळ्यात कण गेला की कोणी दवाखान्यात जात नसे, सगळे दाजींकडे जात. दाजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा, जुना फिटर. काडीपेटीतल्या काडीवर पापणी उलटी करायची, लोहचुंबकाचं टोक फिरवायचं आणि निघालेला कण अंगठ्यावर ठेवून दाखवायचा, ही त्यांची डॉक्टरकी. साहेबांचा त्यांच्यावर फार जीव. माणूस दवाखान्यात गेला की चौकशी आली, आणि चौकशी आली की ओरखडलेले गॉगल का बदलले नाहीत ते सांगणं आलं. त्या गॉगलमधून समोरची छिन्नीसुद्धा धड दिसत नसे, म्हणून आम्ही ते कपाळावर मिरवायचो.

एकदा गंजलेला बोल्ट तोडताना माझ्या छिन्नीच्या डोक्याची कपची उडाली. डोळ्याला चिमटा बसल्यासारखं झालं आणि लगेच थांबलं. दाजींनी चुंबक फिरवला, काही लागलं नाही. दुखत नाही म्हणजे कण पाण्याबरोबर निघून गेला, असं त्यांनी सांगितलं, आणि मला पुन्हा कामाला लावलं. घरचाच माणूस, त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कोणावर?

पुढे त्या डोळ्यापुढे धूर साचायला लागला. ताई दवाखान्यात जा म्हणून मागे लागली. दाजी म्हणत, थेंब घाल, उगाच साहेबांना कशाला डिवचतोस. शेवटी मी एकटाच गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी फोटो दाखवला. कपची डोळ्याच्या आत पार मागे जाऊन बसली होती आणि तिथेच गंजत होती. वेळीच आला असतात तर, एवढंच त्या म्हणाल्या. आता तो डोळा नुसता शोभेला आहे.

दाजींनी नशिबाला बोल लावला. नशीब बिचारं उलट बोलत नाही. साहेबांनी मला झाडूकामाला ठेवलं आणि वर उपकार केल्याचं चारचौघांत सांगितलं.

मागच्या महिन्यात दाजींच्याच छिन्नीची कपची उडाली. मी शेजारीच झाडत होतो. धावत जाऊन त्यांची पापणी उचलायला गेलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"हात लावू नकोस. दुखत नाहीये, म्हणजे आत गेलीय. साहेबांना गाडी काढायला सांग."

"माझ्या वेळी हे माहीत होतं तुम्हाला?"

"जुन्या फिटरला माहीत नसेल का रे?" ते म्हणाले. "पण साहेब समोर उभे होते."

साहेबांच्या गाडीतून ते तासाभरात दवाखान्यात पोचले. डोळा वाचला.

निदान दोघांतल्या एकाचा तरी वाचला, असं ताई म्हणते आणि माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून रडते. मी तिला थोपटतो. संसार तिला त्याच माणसाबरोबर करायचा आहे.