आधी आजीचं डोकं, मग मांजर

मी एक जुनी शिसवी फणी आहे. जुनी म्हटलं म्हणून तोंडं वाकडी करू नका, मित्रांनो. एका बाजूचे माझे दात रुंद, दुसऱ्या बाजूचे बारीक, आणि एक सोडला तर सगळे शाबूत.

एका कारागिराने मला बारीक करवतीने कोरलं, तेलात मुरवलं आणि बहिरमच्या यात्रेत मांडलं. शेजारी रंगीबेरंगी फण्या चमकत होत्या. दर्यापूरच्या नव्या नवरीने, रुख्मिणीने, त्या सोडून मला उचललं. याला म्हणतात पारख! पुढे मी तिचे कमरेखाली रुळणारे केस विंचरले, तिच्या पोरींच्या उवा काढल्या. "माणूस ह्या फणीसारखं पाह्यजे," ती म्हणायची, "गुंता पाहून पळत नाही."

घरात प्लॅस्टिकचे कंगवे आले. दिवाळीला नवे, होळीला मोडके. रुख्मिणीने मला सोडलं नाही. पण गेल्या वर्षी तिचा उजवा खांदा आखडला. हात कानाच्या वर जाईना. तिने मला उशीखाली सारलं, डोक्यावर पदर ओढला आणि कुणाला शब्दाने सांगितलं नाही. मीही मुकाट पडून राहिले.

तिच्या नातीला, हर्षाला, केसाळ मांजर हवी होती. हर्षा, तिची आई प्राजक्ता आणि रुख्मिणी अमरावतीला मांजरं पाळणाऱ्या एका बाईकडे गेल्या. रुख्मिणीने मला गरम पाण्याने धुऊन पिशवीत घेतलं. तिथे दोन पिल्लं होती. एक पांढरी पर्शियन, चपट्या नाकाची. दुसरी करडी, मेन कून जातीची, कानांवर केसांचे झुपके.

हर्षा पांढरीवर भाळली. "आजी, पिंजलेल्या रुईसारखी आहे पाह्य!"

"रुई हातात घेऊन पाहा लागते, लांबून नाही. घे फणी."

पांढरीच्या कानामागे मी अडकले. करडीच्या पाठीवरून सरळ गेले. मांजरवाली बाई खरं बोलली, "पर्शियनले रोज विंचरा लागते. नाही तं गुंत्याखाली कातडीले जखमा होतात. उन्हाळ्यात कूलर पाह्यजेच. मेन कूनले आठवड्यातून दोनदा पुरे, पण ते मोठं होते अन् खाते बी तसंच."

"रोज मम्मी विंचरीन," हर्षा म्हणाली.

"मंग मांजर मम्मीचं झालं. तू फोटो काढ," रुख्मिणी म्हणाली.

"मीच विंचरीन! शपथ!"

"शपथेनं गुंता सुटत नाही, पोरी. महिनाभर माहं डोकं विंचर. चुकली नाही तं पांढरी आणू."

घरी येऊन तिने पदर खाली केला. केसांचा नुसता गोळा झाला होता.

"आई! सांगतलं काहून नाही?" प्राजक्ता हबकली.

"काय सांगू? पेपरात देऊ?" रुख्मिणी म्हणाली, पण तिचं तोंड भिंतीकडे होतं.

प्राजक्ताने नाइलाजाने कात्री आणली. तिखट जिभेच्या रुख्मिणीने डोळे मिटून मान पुढे केली. हर्षाने कात्री बाजूला सारली आणि मला उचललं. मीही ठरवलं, दात गेला तरी चालेल, हे केस कात्रीला द्यायचे नाहीत. दात गेलाच!

रोज क्लासच्या आधी हर्षा मला घेऊन आजीमागे बसायची. आधी ओढाताण करायची. "डोकं हाय वं, पालकाची जुडी नाही!" आजी ओरडायची. हळूहळू पोरगी टोकापासून सोडवायला शिकली. गुंता सुटला, पांढरीशुभ्र वेणी पाठीवर आली.

महिना झाला. "जिंकली तू. चाल, पांढरी आणू," रुख्मिणी म्हणाली.

"करडी आणू, आजी."

"काहून?"

"क्लासच्या आधी माह्यानं रोज एकच डोकं होते. पांढरी आणली तं तुयं राहीन."

रुख्मिणीने पाठीवरची वेणी पुढे घेतली. मग म्हणाली, "मले मांजरीच्या रांगेत बसवलं काय वं?" आणि पाठ फिरवून तिच्यापुढे बसली.

करडी आता घरात आहे. तिचा स्टीलचा कंगवा वेगळा. मी फक्त आजीच्या डोक्याची.

मित्रांनो, केसाळ मांजर खुशाल आणा. पण तिच्या रूपावर जाण्याआधी आपल्याला रोज किती जमेल ते पाहा, आणि तेवढंच कबूल करा. मांजराला बोलता येत नाही, म्हणून ते गुंत्याखाली सोसतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तर बोलता येतं, तरी ते सांगत नाही. त्याच्याजवळ जाऊन बसा. पदराआड काय आहे ते तुम्हीच विचारा.