प्रार्थनेसाठी कळवलं

सरजाबाईनं नांदेडच्या दवाखान्यात डोळे मिटले, त्या सकाळी तिच्या नवऱ्यानं, तात्यारावानं गावी पूर्णेला फोन केला. चर्चच्या कारभाऱ्यांना कबरीचं सांगायचं होतं. फोन त्यांच्या बायकोनं, राजेश्रीबाईनं उचलला.

"बाई, आमच्या सविताला एवढ्यात कळू देऊ नका. सातवा लागलाय तिला. मी सोता जालन्याला जाऊन सांगणार हाय. सरजानं शब्द घेतलाय माझ्याकून."

"माझ्या तोंडून न्हाई जायचं, भाऊ."

तोंडून गेलं नाहीच. बाईनं ते चर्चच्या प्रार्थना ग्रुपवर लिहून टाकलं: सरजाताई प्रभूकडे गेल्या, लेक गरोदर आहे, तिला कळू देऊ नये, प्रार्थना करा. सासरी गेली तरी माहेरच्या चर्चचा ग्रुप सवितानं सोडला नव्हता. तिनं ते वाचलं. खाली चाळीस जणांनी आमेन लिहिलं होतं. एकाही शहाण्याच्या ध्यानात आलं नाही.

"खरं हाय का, बाबा?" सविताचा फोन आला. तात्याराव प्रेताजवळ उभा होता. त्यानं फोन बंद केला.

सविताला सासरच्यांनी मातीला येऊ दिलं नाही.

रविवारी पाळकसाहेबांनी नेमका जिभेवरच उपदेश केला. जिभेला लगाम घाला म्हणाले. पहिल्या रांगेतून सगळ्यात मोठं आमेन राजेश्रीबाईचं. तासभर लगाम घालायचा आणि दारात चपला घालताना काढायचा, ही यांची भक्ती, तात्यारावाच्या मनात आलं.

उपासना सुटल्यावर बाई डोळे पुसत आली. "भाऊ, मनात पाप नव्हतं. प्रार्थनेसाठीच कळवलं."

"व्हय तर. देवाला मोबाइलबिगर कळतच न्हाई."

"असं तोडून बोलू नये, भाऊ. आत्ताच उपदेश झाला."

"झाला की. आता साऱ्यांम्होरं सांगा, काय केलं ते."

बाईनं नवऱ्याकडं बघितलं. कारभारी खाकरले. "झालं गेलं सोडा, तात्याराव. क्षमेसाठी प्रार्थना करू." लगेच सगळ्यांनी डोळे मिटले. सोयीचं असतं ते. कुणाला कुणाच्या तोंडाकडं बघावं लागत नाही.

तात्याराव निघून थेट स्टेशनवर आला. जालन्याचं तिकीट काढलं आणि फलाटावरून सविताला फोन लावला.

"बोला की, बाबा."

राजेश्रीबाईसाठी त्याच्याकडं शब्दच शब्द होते.

"जेवलीस का?" त्यानं विचारलं.

"व्हय. तुमी?"

गाडी आली, गेली. तो बाकावरच बसून होता. आई गेली, हे त्यानं लेकीला अजून सांगितलेलं नाही.