मोरागबाईंच्या चरख्यातला बोर्ड

मित्रांनो, मी एक जुना बोर्ड आहे. पत्त्याच्या पानाएवढा, हिरव्या रंगाचा, एका कोपऱ्यावर जळल्याचा काळा डाग असलेला. मोटर कधी फिरवायची, किती वेगाने फिरवायची आणि कधी थांबवायची, एवढेच मला कळते. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला मोरागबाई नावाच्या एक आजी राहतात. त्यांच्या विजेच्या चरख्यात माझा मुक्काम आहे. खरे सांगायचे तर आता मला बोलायचाही शीण होतो. पण आमच्यासारख्यांची बाजू कोणी मांडत नाही, म्हणून बोलतो.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे हौशी लोकांसाठी बोर्ड बनत. माझ्या अंगावर बारीक बारीक भाग बसवले, मला भट्टीतून काढले आणि शेवटी माझ्या पोटात एक प्रोग्राम भरला. त्याला फर्मवेअर म्हणतात. जेवायच्या आधी हात धुवायचे हे तुम्हाला लहानपणी शिकवतात आणि मग ते जन्मभर अंगवळणी पडते, तसेच ते. पण मला शिकवणारा घाईत होता. थांबलेली मोटर पुन्हा चालू करताना वेग हळूहळू वाढवायचा असतो. मला मात्र आधी एक जोराचा हिसका द्यायचा आणि मग ताळ्यावर यायचे, असे शिकवले गेले. मला काय कळणार? शिकवले तसे मी करत राहिलो.

मला विकत घेतले हेमीने. आयुष्यभर शाळेची बस चालवून तो निवृत्त झाला होता आणि छोट्या बोटी बनवायचा त्याला नाद होता. दर रविवारी आम्ही तळ्यावर जायचो. हेमीने बटण दाबले की मी हिसका द्यायचो आणि बोट पाण्यावरून उसळी मारायची. काठावरचे लोक टाळ्या वाजवत. "हेमी, तुझ्या बोटीच्या अंगात आलंय बघ," असे म्हणत. ज्या खोडीने पुढे सगळा घोटाळा केला, तिचेच त्या काळी कौतुक होत होते. मला तेव्हा फार बरे वाटायचे.

मग नवे बोर्ड आले, आकाराने लहान आणि ताकदीने मोठे. हेमीने मला काढून बिस्किटांच्या डब्यात टाकले. तिथे गंजके स्क्रू होते, तुटक्या वायरी होत्या आणि एक घड्याळ होते, तेही बंद. कौतुक संपायला वेळ लागत नाही, मित्रांनो. वर्षे गेली. डबा कोणी उघडला नाही.

तो उघडला मोरागबाईंच्या गुडघ्यामुळे. मोरागबाई लहान मुलगी असल्यापासून लोकर कातत आल्या. नवरा गेल्यावर तर संध्याकाळची सोबत म्हणजे तो चरखाच. पण गुडघ्याचे ऑपरेशन झाले आणि पायाने चरखा हाकणे बंद पडले. त्यांचा धाकटा भाऊ डगल गावातल्या निवृत्तांच्या शेडचा कारभारी होता. त्या शेडमध्ये सगळे म्हातारे मिळून खुर्च्या दुरुस्त करत, पक्ष्यांची घरटी बनवत आणि एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढत. हेमीही तिथलाच. डगलने त्याला गळ घातली.

"माझ्या बहिणीला विजेचा चरखा करून दे. नुसती बसून राहिली की ती मला दिवसातून चारदा फोन करते," डगल म्हणाला.

"म्हणजे हे तिच्यासाठी की तुझ्यासाठी?" हेमीने विचारले.

"तू कर रे बाबा. कोणासाठी ते मग बघू."

हेमीने लाकडाचा सांगाडा केला, एक मोटर बसवली, पायाखाली नुसते हलकेच दाबायला एक पेडल दिले आणि मला डब्यातून काढून आत बसवले. मला वाटले, दिवस पालटले.

मोरागबाईंनी पेळूतून लोकर ओढून धागा धरला, पेडल दाबले, आणि मी सवयीप्रमाणे हिसका दिला. धागा तुटला. त्यांनी तो जोडला आणि पुन्हा पेडल दाबले. पुन्हा तुटला. चालत्या चरख्यावर सगळे सुरळीत चालायचे. पण कातणारा माणूस सारखा थांबतो. लोकरीतला काडीकचरा काढतो, पीळ बघतो, चहाचा घोट घेतो. आणि दर वेळी निघताना मी तो धागा तोडत होतो. डगल म्हणाला, लोकरच जुनी आहे. मोरागबाईंनी रोमनी जातीच्या मेंढीची ताजी लोकर पिंजून घेतली, तरी तेच. हेमीने पेडल बदलले, मोटर बदलली, वायरी बदलल्या. माझ्याकडे कोणी बघितलेच नाही. तो धागा रोज तुटताना बघून मी थकून गेलो होतो, आणि त्या माझ्याहून जास्त थकल्या होत्या.

शेवटी त्या चरखा गाडीत घालून शेडमध्ये आल्या.

"हेमी, तू मेहनत घेतलीस, मला कळतंय. पण मी आता कातणं सोडते," त्या म्हणाल्या. "लोकर वाटून टाकीन. हे यंत्र तुझं तू घे."

"आँटी, एक सकाळ द्या मला."

"एक दिली. चहापर्यंत थांबते मी. पुढे नाही."

त्या दिवशी हेमीने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिले. कॉम्प्युटरवर त्याने माझ्या कारखान्याचे पान शोधले. तिथे स्वच्छ लिहिले होते: या बोर्डाच्या जुन्या फर्मवेअरमध्ये सुरुवातीला हिसका बसण्याचा दोष आहे, नवे भरून घ्या. हे पान मी डब्यात पडलो होतो तेव्हापासून तिथे होते. मला आनंद व्हायला हवा होता. मला नुसते दमल्यासारखे झाले.

हेमीने मला केबल जोडली. त्याच्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेली होती, भिंतीतली वीज मिळाली तरच तो चालायचा. जुना प्रोग्राम पुसला जाऊ लागला आणि नवा आत येऊ लागला. हेमी पडद्याला डोळे लावून बसला होता.

आता त्या शेडचा एक नियम होता. सकाळच्या चहाची घंटा झाली की डगल मेन स्विच खाली ओढायचा. चहा पिताना एकही यंत्र चालू राहता कामा नये. त्याचे अर्धे बोट सॉ मिलमध्ये गेले होते, त्यामुळे या नियमावर कोणी वाद घालत नसे. ज्याला वीज हवी असेल त्याने घंटेच्या वेळी ओरडून सांगायचे. हेमीला घंटा ऐकूच आली नाही. डगलने स्विच ओढला.

"डगल, अरे काय केलंस हे?"

"चहा. चीज रोल गरम आहेत तोवर या."

"माझं काम चालू होतं ना इथे."

"करवत चालू होती का?"

"नाही, पण..."

"मग बोटं शाबूत आहेत. चहा पिऊन पुढचं कर."

"असं पुढचं करता येत नाही, लेका. जुनं पुसलं गेलं आणि नवं अर्धंच आलं. मेला हा बोर्ड."

मोरागबाईंनी कप खाली ठेवला. "म्हणजे माझ्या भावानेच मारला म्हणायचा," त्या म्हणाल्या. डगलने वीज परत चालू केली, पण माझ्यावरचा दिवा लागला नाही. मला सगळे ऐकू येत होते. पेडल दाबल्यावर काय करायचे, ते मात्र आठवत नव्हते. एकदा वाटले, असेच राहू द्यावे. पुष्कळ झाले.

हेमीने ते पान पुन्हा, शेवटपर्यंत वाचले. तिथे उपायही दिला होता. माझ्या पाठीवर दोन बारीक ठिपके आहेत. ते वायरने जोडून धरले आणि तसेच वीज दिली, तर मी कोराच्या कोरा जागा होतो आणि नवे शिकायला तयार होतो. पण वायर इतकी नाजूक धरायची की जरा हलली तर सगळे फुकट. हेमीच्या हातून वायर दोनदा निसटली.

"इकडे आण," मोरागबाई म्हणाल्या.

"आँटी, जमेल तुम्हाला?"

"गुडघा गेलाय माझा. बोटं नाही गेली."

त्यांनी ती वायर धाग्यासारखी दोन बोटांत धरली आणि ठिपक्यांवर टेकवली. वायर हलली नाही. हेमीने वीज दिली आणि नवा प्रोग्राम पुन्हा भरायला घेतला. डगल उठला आणि मेन स्विचला पाठ लावून उभा राहिला. कोणीतरी ड्रिल चालवायला निघाला, त्याला त्याने खाली बसवले. कोणी म्हणाले चहा गार होतोय, त्याला तो म्हणाला, "मग गार पी." सगळी शेड एका पडद्याकडे बघत होती. आयुष्यात एवढी माणसे माझ्यासाठी कधी थांबली नव्हती.

दिवा लागला. मोरागबाईंनी धागा बसवला आणि पेडल दाबले. मी हळू निघालो, अगदी हळू, मग वेग धरला. त्या थांबल्या, पुन्हा दाबले. धागा तुटला नाही. त्यांनी मुद्दाम पुन्हा पुन्हा थांबून पाहिले. मग मान खाली घालून त्या कातत राहिल्या आणि डोळे पुसायला थांबल्या, तेव्हाही तुटला नाही.

"मला वाटलं, मी तुझं कातणं मारलं," डगल म्हणाला.

"मारलंच होतंस," त्या म्हणाल्या. "बस इथे. ही लोकर पिंज."

मित्रांनो, एखादा कामात अडखळत असेल, मग तो माणूस असो की यंत्र, तर त्याला डब्यात टाकण्याआधी एवढे बघा की त्याला शिकवतानाच काही चुकले होते का. आणि शिकवायला घेतलेत, तर पुरे होईपर्यंत कोणालाही स्विचला हात लावू देऊ नका. एवढेच मागणे आहे.

आता मी फार लवकर तापतो. परवा हेमी म्हणाला, "आँटी, नवा बोर्ड बसवून देतो. दुप्पट वेगाने कातेल."

"वेग घेऊन मी कुठे जाऊ?" मोरागबाई म्हणाल्या. "राहू दे याला. म्हातारा आहे, पण आता मला सांभाळून निघतो."

मग त्यांनी पेडल दाबले आणि मी हळू निघालो.