कडेची जागा

“सर, कडेला बसलेल्या मुलीच्याच चुका तुम्हाला कशा काय दिसतात?”

मितालीनं विचारलं आणि वर्ग हसायची वाट पाहिली. वक्तृत्व स्पर्धेतलं दुसरं बक्षीस अजून तिच्या अंगात होतं. काल खांदा कॉलनीतल्या पाणीपुरीच्या गाडीवर निशानं पैज लावली होती, “एवढी बोलतेस ना, मग सरांना विचारून दाखव. आठवडाभर पाणीपुरी माझ्याकडून.” निशा, विनिता आणि ती, तिघी खिदळल्या होत्या.

आता कुणीच हसलं नाही. वही तपासताना सरांचा डावा हात नेहमीसारखा तिच्या खांद्यावर होता, अंगठा मानेपाशी. तो सावकाश उचलला गेला.

“फारच धीट झालीस,” सर हसून म्हणाले. “घरी बोलतो मी.”

गणिताच्या या खासगी क्लासमध्ये त्या तिघींचा एक बाक होता, आणि त्यावरची कडेची जागा रोज बदले. असं कुणी ठरवलं नव्हतं. एकीनं कडेला बसायचं, की बाकीच्या दोघी गणितं सोडवायला मोकळ्या. “आज तुझा नंबर,” एवढंच त्या म्हणत, तेही डोळे मिचकावून. कशाचा नंबर, हे कुणी कधी उच्चारलं नव्हतं.

क्लास सुटल्यावर निशा जिन्याखाली सायकलचं कुलूप काढत होती.

“तू खरंच विचारलंस? वेडी आहेस का?”

“तूच तर पैज लावलीस.”

“गंमत होती गं ती. आता माझ्याही घरी फोन जाईल.”

विनिता जिन्याच्या कठड्याला टेकून उभी होती. तिची आई पनवेलच्या बाजारात मासळी विकायची. शाळेत विनिता अगदी पुस्तकी बोले, पण घाबरली की घरची भाषा बाहेर येई.

“उद्या माझा नंबर हाय,” ती म्हणाली. “आज तुझ्यावर चिडलेत. उद्या मीच सापडनार.”

“मग येऊच नकोस.”

“आईला काय सांगू? कारण सांगितलं तर शाळाच बंद करल ती.”

मिताली दप्तर सावरत घराकडे वळली.

ती घरी पोचली, तोवर सरांचा फोन येऊन गेला होता.

“दहावीचं वर्ष आहे,” बाबा म्हणाले. “भर वर्गात सरांना उलट बोललीस म्हणे. उद्या सॉरी म्हण आणि विषय संपव.”

आई मेथी निवडत होती. “काय विचारलंस?”

मितालीनं प्रश्न पुन्हा म्हटला. शब्द तेच, पण या वेळी ते स्पर्धेतल्यासारखे आले नाहीत. आईच्या हातातली काडी तशीच राहिली.

“हात कुठे ठेवतात?”

मितालीनं स्वतःच्या मानेजवळ बोट नेलं.

“अगं, मोठी माणसं पाठीवर हात ठेवतातच...” बाबांनी सुरुवात केली, आणि आईकडे पाहून ते थांबले.

“उद्यापासून जायचं नाही,” आई म्हणाली. “दुसरा क्लास बघू. कुणाला काही सांगत बसू नकोस.”

केवढं सोपं होतं. मितालीचे खांदे एकदम हलके झाले. मग तिला तो बाक दिसला, दोघींचाच. निशा, विनिता, निशा, विनिता. एक दिवसाआड.

तिनं पाय खुर्चीखाली दुमडून घेतले.

“आई, मी क्लास सोडणार नाही. सॉरीपण म्हणणार नाही. उद्या विनिताचा नंबर आहे, पण कडेला मी बसणार आहे.” बाबा काही बोलणार, तेवढ्यात तिनं पुढचंही सांगून टाकलं. “आणि पालकांनी येऊन बसलेलं चालतं तिथे. शेवटचा बाक रिकामाच असतो.”