किल्ली काढल्यावर लागणारा दिवा

परदेशातल्या, मरीन परेडच्या आमच्या कॉन्डोच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये दर गुरुवारी एका जुन्या गाडीभोवती एवढी गर्दी जमायची, की नवखा विचारी, "गाडी विकायला काढलीय का?" गाडी विकायची नव्हती. गाडीत श्रीधरराव यायचे.

श्रीधरराव गेल्या दिवाळीत वारले. दहाव्याला कावळा शिवला नाही. इथे पाखरांना खायला घातलं की दंड. तरी लोकांनी ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर लपूनछपून पिंड ठेवला, आणि आल्या त्या मैना. मैनेचं शिवणं चालतं का, यावर पुण्याचे आणि मुंबईचे असे दोन तट पडले. त्याच संध्याकाळी त्यांच्या पत्नीने, सुनेत्राबाईंनी, गाडीत डोकावून पाहिलं. इंजिन बंद, किल्ली हातात, आणि समोर बॅटरीच्या खुणेचा तांबडा दिवा मंद जळतोय!

"कावळा शिवला नाही, म्हणजे इच्छा राहिली," हेमचंद्र म्हणाले. हे गृहस्थ दिवसा आयटीत मॅनेजर, गुरुवारी सिद्धपुरुष. "आत्म्याची बँडविड्थ कमी असते, वहिनी. दिवा तेजाळला की 'हो', मालवला की 'नाही'. त्यांना एवढंच परवडतं."

प्रश्नाआधी ते बोनेट उघडून बॅटरीला चार्जर लावत. त्याला 'शक्तिदान' म्हणत. शेजारची प्रणिता लिटिल इंडियाच्या बाजारातून हार आणी. जिवंतपणी एका मेसेजला उत्तर न देणारे श्रीधरराव आता हातोहात उत्तरं देऊ लागले.

बॅटरी मात्र रोज सकाळी मेलेली असायची. दिवा आत्म्याच्या खात्यावर जमा, बॅटरी म्हातारपणाच्या खात्यावर खर्च. दोन्ही नोंदी एका पानावर कुणी मांडल्या नाहीत.

सुनेत्राबाईंच्या छातीत गाठ होती. नोव्हेनाच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी ऑपरेशन लवकर करा म्हणून बजावलं होतं. बाईंनी लेकीला सांगितलं नाही, एका गुरुवारी हेमचंद्रांकरवी दिव्याला विचारलं. दिवा मालवला. त्यांनी ऑपरेशनचा विचार सोडला.

लेक निहारिका इथेच विद्यापीठात संशोधन करते. तिला कळलं ते फार उशिरा, आईला मिठी मारताना गाठ हाताला लागली तेव्हा; मग दिव्याचं 'नाही'ही कळलं. पुढच्या गुरुवारी ती मीटर घेऊन तळघरात उतरली.

'शक्तिदान' आटोपल्यावर इंजिन सुरू करून तिने बॅटरीला मीटर लावला. "चौदाच्या आसपास व्होल्ट हवेत. इथे बारासुद्धा नाहीत. अल्टरनेटर बॅटरी भरतच नाहीये."

"बेटा, विज्ञान जिथे संपतं..."

"काका, विज्ञान अजून बोनेटखालीच आहे. तुम्ही बाबांना हाक मारा."

तिने इंजिन बंद करून किल्ली काढली. दिवा लागला. हेमचंद्रांनी डोळे मिटले. "श्रीधरराव, आहात ना?"

निहारिकेने अल्टरनेटरचा छोटा प्लग उपसला. दिवा गेला. प्लग लावला, आला. उपसला, गेला.

"बाबा माझ्या चिमटीतून ये-जा करतात का, काका?"

मग तिने सगळ्यांना समजावलं. इंजिन फिरताना बॅटरी भरणारं यंत्र म्हणजे अल्टरनेटर. त्यात डायोड असतात, वीज एकाच दिशेने सोडणारी फाटकं. त्यातलं एक जळून उघडंच राहिलंय. म्हणून गाडी उभी असली की बॅटरीतली वीज उलटी वाहते, जाता जाता हा दिवा लावते आणि सकाळपर्यंत बॅटरी रिकामी करते. चार्जर लावला की दिवा तेज, नाही लावला की मंद, मग बंद.

सुनेत्राबाईंनी हळूच विचारलं, "मग मी ऑपरेशनचं विचारलं, तेव्हा?"

हेमचंद्र पुटपुटले, "त्या दिवशी मीटिंग लांबली, वहिनी. घाईत चार्जर लावायचा राहिला."

"मीटिंग होती," बाईंनी शांतपणे तेवढेच शब्द उच्चारले. मग लेकीकडे वळल्या. "रोज संध्याकाळी इथे येऊन बसायचे मी. आज काय भाजी केली तेसुद्धा सांगायचे गं तुझ्या बाबांना."

हातात प्लग तसाच धरून निहारिका रडायला लागली.

अल्टरनेटर बदलला. त्याच गाडीने दोघी नोव्हेनाला गेल्या. तपासण्या झाल्या. "आधी का नाही आलात?" डॉक्टरांनी विचारलं. आजार पसरला होता. आता ऑपरेशनचा उपयोग नव्हता.

घरी येऊन निहारिकेने किल्ली काढली. बाईंनी सवयीने समोर पाहिलं. "नाही लागला."

"नाही लागणार, आई."

गेलेल्या माणसाशी खुशाल बोला. त्याच्या गाडीत बसा, रडा, भाजी काय केली तेही सांगा. त्यासाठी मध्ये कुणी सिद्धपुरुष लागत नाही. पण उत्तर हवं असेल, तर ज्याला उलट प्रश्न विचारता येतो अशा जिवंत माणसाकडे जा. आणि वेळेत जा.